दहा हजार सातांची पंगत

दहा हजार सात हा आकडा काही केल्या तुटेना, आणि उंबरगडचे उदंडराय महाराज तर हट्टाला पेटलेले. साठीनिमित्त त्यांना साऱ्या प्रजेला एकाच वेळी जेवू घालायचं होतं. आचारी-वाढपी परमुलखातून आले. शिरगणती झाली, महाराजांपासून सुरुवात करून दहा हजार सात डोकी भरली. अट एकच, सगळ्या रांगांत माणसं सारखी बसली पाहिजेत. लहान-मोठी रांग दिसली की महाराजांना अन्न पचत नसे.

ज्योतिष्यांनी आकडा तिनानं भागला, सातानं भागला, एकोणिसानं भागला. दर वेळी काहीतरी उरायचंच. महाराजांनी तो फळ्यावर लिहून दरबारात हजर केला आणि चाबकानं फोडून काढला. फळा तुटला. आकडा तसाच.

"एकच रांग करू," राजज्योतिषी चाचरत म्हणाले.

"ती नदीपार शेजारच्या राज्यात जाईल, आणि आमची जिलेबी तो शेजारी खाईल!" महाराज गरजले.

शेवटी प्रधान पुढे झाले. "महाराज, एक माणूस हद्दपार करू. दहा हजार सहा राहिले की पाच हजार तीनच्या दोन रांगा होतात."

"कुणाला काढायचं?"

"मोजणीत शेवटी लागला त्याला. धोंडू गुरव. रानात पळसाची पानं तोडत बसला होता."

धोंडू पत्रावळी लावून पोट भरायचा. या जेवणाच्या पत्रावळीही त्याच्याच! शिपाई दारात आले तरी म्हातारा मुकाट्यानं पानं टोचत राहिला. पण त्याची लेक येसू भडकली. आई गेल्यापासून तिला बापाशिवाय होतं कोण? हातातली काडी न टाकताच ती तरातरा दरबारात गेली.

"महाराज, बा रानात होता तो तुमच्याच पत्रावळींसाठी."

"आमचा त्याच्यावर राग नाही, पोरी. पण एक माणूस उरतो. जो उरेल तो सीमेपार, हुकूम झाला."

"जो उरंल तो? कुणी का असंना?"

"कुणी का असेना. राजाचा शब्द आहे."

"मग एक सांगा. या जेवणाचा यजमान कोण?"

"आम्ही. दुसरा कोण असणार?"

"आमच्या घरी बारसं असलं तर बा पंगतीत बसत न्हाई. तुपाची लोटी घेऊन फिरतो, आग्रह करतो, आन् सगळे उठल्यावर जेवतो. तुमच्यात यजमान पाव्हण्यांच्या आधी पानावर बसतो का?"

प्रधानांना एकाएकी स्वतःच्या जोड्यांत फार रस वाटू लागला.

"तुम्ही सोताला पंगतीत मोजलंत," येसू म्हणाली. "तुम्ही उठलात की राहिले दहा हजार सहा, माझा बा धरून. प्रधानजींच्या दोन रांगा बरोबर बसल्या. उरला एकच माणूस, हातात तूप घेतलेला. त्याला कुठल्या वेशीतनं बाहेर घालवायचं, तेवढं शिपायांना सांगा."

महाराजांची आधी मिशी हलली, मग पोट हललं, आणि हसता हसता ते सिंहासनावरून घसरून खाली बसले.

"प्रधानजी, हुकूम मोडा! आम्हीच गेलो तर तूप कोण वाढणार?"

पळसाचं सगळं रान येसूला इनाम मिळालं. जेवणाच्या दिवशी पहिल्या पानावर धोंडू गुरव बसला. महाराज तूप वाढत वाढत रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचले, तोवर त्याला पुन्हा भूक लागली होती.