बाकावर उभे मास्तर

“…पण मास्तर, पोरांसमोर चूक कबूल केली तर उद्या मला कोण विचारील?”

कुंडलिक उंबऱ्यातच थांबला होता. एरवी इंग्रजीचे सर म्हणून गावात ताठ मानेनं फिरणारा गडी. आज शाळा सुटताच तडक टेकडीवर आला होता, दर्ग्यापाशी राहणाऱ्या म्हाताऱ्या शेख मास्तरांकडे. त्यांनीच त्याला इंग्रजी शिकवलेलं.

“झालं काय, ते नीट सांग.”

“वर्गाच्या भिंतीवर मी खण आखलेत. नाम, क्रियापद, विशेषण. एक शब्द, एक खण. गेल्या आठवड्यात वर्गातल्या पारूनं ‘वॉटर’ क्रियापदाच्या खणात लिहिला. मी म्हटलं, वॉटर म्हणजे पाणी, ते नाम. तर म्हणते, ‘आय वॉटर द ट्रीज’ म्हणजे मी झाडांना पाणी घालते. मग ते क्रियापदच झालं की, सर.”

“मग?”

“वर्ग हसला. माझं डोकं फिरलं. शाळा सुटेपर्यंत तिला कान धरून बाकावर उभं केलं.”

“आणि घरी जाऊन डिक्शनरी उघडलीस.”

“…तिचं बरोबर होतं. तो शब्द दोन्ही खणांत बसतो. तेव्हापासून पोरगी तोंड उघडत नाही. हजेरीलाही नुसता हात वर करते. बाप म्हणतो, भीत असेल तर शाळाच नको.”

“भीत असेलच.”

“मीही भितोय, मास्तर. पोरं फिदीफिदी हसतील. पुन्हा माझं कुणी ऐकणार नाही.”



“एक शब्द, एक खण. हे तुला कुणी शिकवलं?”

कुंडलिकनं मान खाली घातली. “…तुम्हीच.”

मास्तर काठी टेकत उठले. दाराबाहेर एक डुगडुगतं बाक होतं. मागे सरळ उतार, सगळा दगडधोंड्यांचा. ते बाकावर चढले. काठी खाली टाकली आणि दोन्ही कान धरले. बाक हलू लागलं.

कुंडलिक हात पुढे करून धावला.

“मास्तर, उतरा. पडाल.”

“हात लावू नकोस.”

“तोल जातोय तुमचा…”

“जातोय. भीतीही वाटतेय.”

कुंडलिक अगदी रडकुंडीला आला. “मग उतरणार कधी?”

मास्तरांनी कान सोडले नाहीत.

“ते मी कोण ठरवणार? जा, पारूला विचारून ये.”