पाळण्याच्या रांगेत

एकदा एका वृद्ध वस्तादांचा एक पठ्ठ्या भल्या सकाळी जत्रेच्या मैदानावर जाऊन दगड मांडू लागला.

त्या जत्रेचा रिवाजच तसा होता. खेळांपुढे झुंबड उडे, म्हणून लोक सकाळीच येऊन रांगेत आपल्या खुणेचा दगड ठेवीत. रांग सरकली की मागचा माणूस तो दगड पायाने पुढे ढकली. दगडाची पाळी आली आणि त्याचा धनी जागेवर नसला, तर दगड रांगेबाहेर जाई. पठ्ठ्याने मात्र एका रांगेत नव्हे, पाच रांगांत दगड ठेवले. आकाशपाळणा, मौत का कुआँ, होडीचा झोका, आरसेमहाल आणि चक्री. प्रत्येक दगडावर त्याने चुन्याची रेघ ओढली.

त्याला कारण होते. त्याचा थोरला भाऊ त्याच पावसाळ्यात तापाने गेला होता. मागे लहानगी वेणू राहिली. भावाने लेकीला शब्द दिला होता, "यंदा तुला आकाशपाळण्यात बसवीन. वरून आपलं घर दाखवीन." तो शब्द आता धाकट्याच्या शिरावर आला, पण नुसता पाळणा त्याला पुरेसा वाटेना. बापाने जे जे दाखवले असते ते ते सारे वेणूला आजच मिळाले पाहिजे, असे त्याने मनाशी घट्ट धरले. जत्रेचा तो शेवटचा दिवस होता. सूर्य मावळला की पाळणा उतरवून दुसऱ्या गावी नेणार होते.

दुपारी रांगा हलू लागल्या आणि त्याची दाणादाण उडाली. होडीपाशी पोचावे तर चक्रीवाला हाका मारी. चक्रीकडे वळावे तर आरसेमहालापुढे भांडण जुंपलेले. वेणूला काखोटीला मारून तो या टोकाकडून त्या टोकाला पळत होता. पोरीचे तोंड उन्हाने लाल झाले होते.

"काका, पाणी."

"आत्ता देतो. एवढी होडी होऊ दे."

"पहिलवान," पाळण्याच्या रांगेतला एक जण ओरडला, "तुमचा दगड पुढं सरकत चाललाय! त्यालाच बसवू का पाळण्यात? तुमच्यापेक्षा शांत आहे बिचारा!"

रांग खदखदून हसली. आलो आलो, असा हात करून पठ्ठ्या पुन्हा मौत का कुआँकडे धावला.

रसवंतीच्या बाकावर बसून वस्ताद हे सारे पाहत होते. ते उठले. होडीपुढचा चुन्याच्या रेघेचा दगड त्यांनी उचलला. मग चक्रीपुढचा, मग आरसेमहालापुढचा, शेवटी मौत का कुआँपुढचा, तोही पठ्ठ्याच्या डोळ्यांदेखत. चारही दगड धोतराच्या सोग्यात घेऊन ते ओढ्याच्या काठी गेले आणि एकेक करून त्यांनी पाण्यात भिरकावून दिले.

मागोमाग धावत आलेल्या पठ्ठ्याच्या डोळ्यांत रक्त उतरले. ज्या हाताला तो रोज वाकून नमस्कार करी, त्याच हाताचे मनगट त्याने धरले.

"वस्ताद! माझ्या भावाची पोर आहे ही! बाप नाही तिला!"

वस्तादांनी हात सोडवून घेतला नाही.

"डाव किती शिकलास माझ्याकडं?"

"आता हे काय विचारता? पुष्कळ."

"एका कुस्तीत सगळे टाकतोस?"

"नाही. एकच धरायचा. बाकीचे मनातून काढून टाकायचे. नाहीतर ऐन वेळी हात अडतो."

"मग आज हात अडला की तुझा." वस्तादांचा आवाज खाली आला. "आधी येऊन नंबर लावलास, चांगलं केलंस. पण काय सोडायचं हे ठरवल्याशिवाय तयारी पुरी होत नाही, पोरा. तुझ्या भावानं लेकीला एकच गोष्ट कबूल केली होती. तू त्याचं राहिलेलं अख्खं आयुष्य आज एका दिवसात बसवायला निघालास. ते बसायचं नाही. कुणालाच जमायचं नाही ते. जा. पाळण्याचा दगड अजून रांगेत आहे."

पठ्ठ्याच्या हातातले मनगट सुटले. त्याने आधी वेणूला ओंजळीने पाणी पाजले आणि मग तो पाळण्याच्या रांगेत आपल्या दगडावर पाय रोवून उभा राहिला. कुणी रेटले तरी हलला नाही. मागच्या खेळांतून हाका, आरोळ्या येत होत्या. त्याने मान वळवली नाही.

उभ्या उभ्या वेणू बोलू लागली. "आप्पा म्हणायचे, वर गेलं की पोटात गोळा येतो. मग काय करायचं?"

खूप दिवस ती बापाचे नाव काढू लागली की काका कामाला पळत असे. आज पळायला जागा नव्हती.

"घट्ट धरायचं," तो म्हणाला. "मला."

ऊन कलले तेव्हा त्यांची पाळी आली. पाळणा वर गेला, क्षणभर थांबला, खाली आला, पुन्हा गेला. वेणू उतरली तेव्हा वस्तादांनी विचारले, "काय गं, दिसलं का घर?"

"नाही. मधे झाडं आली." मग ती हसली. "पण काकानं बोट दाखवलं ना, तिथंच आहे ते."

पठ्ठ्याने वाकून वस्तादांच्या पायांना हात लावला आणि वेणूला खांद्यावर घेतले. चक्री फिरत होती, होडी झुलत होती, लोक ओरडत होते. त्यांच्यामधून वाट काढीत, त्याने बोट दाखवले होते त्या दिशेला, तो चालू लागला.