घरटी एक, माणशी एक

डोंगर आजच्याहून उंच होते आणि थंडी आजच्याहून कडक, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका डोंगरी राज्यात दोन भाऊ राहत. दवंडी पिटणे हे त्यांचे पिढीजात काम. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्याने धाकट्याला कडेवर घेऊन डफ वाजवला होता आणि तसेच त्याला वाढवले होते.

एका हिवाळ्यात थोरल्याचा आवाज खोकल्याने बसला. म्हणून राणीचा हुकूम घ्यायला धाकटा गेला. राणी म्हणाली, "थंडी फार आहे. कोठारातून माणशी एक घोंगडी वाटा."

धाकटा घरी येऊन डफ उचलून निघाला. दारात थोरल्याने अडवले.

"आधी मला म्हणून दाखव."

"दादा, घोंगड्या वाटायच्यात, मंत्र नाही म्हणायचा!" आणि तो पळालासुद्धा.

दर सणाला तो 'घरटी एक पणती लावा' अशी दवंडी देई. जिभेला तेच वळण. डफ वाजला आणि तोंडातून निघाले, "ऐका हो ऐका! घरटी एक घोंगडी!"

मुलांनो, माणशी म्हणजे प्रत्येक माणसाला एक. घरटी म्हणजे प्रत्येक घराला एक. फरक एका शब्दाचा.

एकट्या राहणाऱ्या म्हातारीला एक घोंगडी मिळाली. शेजारच्या लेकुरवाळ्या घरालाही एकच. म्हातारी म्हणाली, "म्हणजे यंदा थंडी घरांना वाजणार वाटतं! नीट ऐकलंस ना रे?"

"आजी, हुकूम राणीचा आहे, माझा नाही," धाकटा म्हणाला आणि पुढे गेला.

दोघा भावांच्या घरीही एकच घोंगडी आली. रोज सकाळी धाकट्याला जाग येई, तेव्हा ती सबंध त्याच्याच अंगावर असे, पायाशी नीट खोचलेली. थोरला चुलीपाशी हात शेकत बसलेला असे.

"दादा, तू काय पांघरलंस?"

"तुझं घोरणं. चांगलं जाड आहे."

धाकटा खो खो हसे. त्या हसण्यात दादाचा खोकला त्याला ऐकू येत नसे.

एका सकाळी त्याला जाग आली, तेव्हा चूल पेटलेली नव्हती. दादा चुलीपाशीच होता. त्याचे हात गार पडले होते.

पुढे राणी गावात आली. लेकुरवाळ्या घरातली पोरे कुडकुडताना पाहून तिने विचारले आणि चूक उघडी पडली. "मी माणशी म्हटले होते," ती हळूच म्हणाली.

धाकट्याने पुन्हा डफ घेतला. रडत रडत तो गावभर फिरला. "माणशी एक! माणशी!" प्रत्येक दारी थांबून त्याने तो शब्द लोकांकडून म्हणवून घेतला.

घोंगड्यांच्या गाड्या आल्या. पोरे उबेत लोळली. कारभारी धाकट्याच्या दाराशी आला.

"तुझ्या घरात माणसं किती?"

धाकट्याने चुलीकडे पाहिले.

"एक."

"मग तुझी तुला मिळालेली आहे," असे म्हणून कारभारी पुढच्या घरी गेला.

बोध: शब्द तोंडातून काढण्याआधी पारखून घ्यावा, थंडी घराला वाजत नाही, प्रत्येक माणसाला वाजते.