कासवदादांची चाळीस पानं

फार पूर्वी, एका माळावरचं तळं आटत चाललं होतं. तिथल्या कासवदादांनी चार दिवस चालून दूरचं मोठं तळं शोधलं आणि परत येऊन बेडकांची सभा बोलावली. वाट समजावण्यासाठी त्यांनी कमळाच्या चाळीस पानांवर नखानं बारीक खुणा कोरल्या होत्या. वाटेतला एकही दगड सोडला नव्हता.

सभेत कासवदादा पानांकडे तोंड करून एकेक खूण वाचू लागले. बेडकांना दिसत होती ती फक्त त्यांची पाठ. सातव्या पानाला निम्मे बेडूक पेंगले.

"दादा, कवच छान आहे हो तुमचं! पण वाट कुठे दिसते?" मागून एकजण ओरडला. सगळे हसले. कासवदादांनी मान आत ओढून घेतली.

एक म्हातारी बेडकी जवळ आली. "मनाला लावून घेऊ नका. आमची पोरं जगावीत म्हणूनच एवढं कोरलंत ना? मग आता आमच्याकडे बघून सांगा."

कासवदादा हळूच वळले. त्यांनी एक पान उलटं करून त्यावर तीनच खुणा कोरल्या. आपलं तळं, एकटी बाभळ, मोठं तळं.

"बाभळीपर्यंत माझे पाय भाजले," ते म्हणाले, "पण तिच्याखाली उभं राहिलं, की पाण्याचा वास येतो."

आता सगळे जागे होते.

दुसऱ्या दिवशी बेडूक निघाले. एकोणचाळीस पानांची सावली पिल्लांच्या डोक्यावर होती, आणि सगळ्यांत पुढे, कासवदादांच्या पाठीवर, ते तीन खुणांचं पान.