गिरणीच्या भिंतीवरचं नाव

“बोल्ट घट्ट बसत नाही, नुसता गरगर फिरतोय,” असं गिरणीवाली तीन दिवस सांगत होती, आणि गावात एकालाही खरं वाटत नव्हतं.

फार मागची गोष्ट आहे, लहानथोरांनो. तेव्हा पाटलालासुद्धा ज्वारीचा डबा घेऊन रांगेत उभं राहावं लागे. गावात गिरणी एकच, इंजिन एकच. इंजिनाचं झाकण चार बोल्टांनी खालच्या ठोकळ्याला आवळलेलं. त्यातला एक सैल पडला की फटीतून धूर फुसफुसायचा आणि दळण बंद.

गावातला पैलवान रोज यायचा, पान्याला लांब नळी लावून बोल्ट पिळायचा.

“बसला की. तुझ्या मनगटात दम नाही, मावशी.”

“तुझा दम बघितलाय. काल आवळलास, आज पुन्हा धूर. तूच आटे घालवलेस भोकाचे.”

आटे म्हणजे आतले वळसे. बोल्टाचे वळसे भोकाच्या वळशांत अडकतात, म्हणून तो धरून राहतो.

चौथ्या दिवशी बोल्ट सरळ पैलवानाच्या हातात आला. त्याला चकचकीत लोखंडाचा कीस चिकटलेला. भोक आतून गुळगुळीत. मग काय, ज्याला तोंड होतं तो बोलला. कुणी म्हणे बाईने इंजिन तापवलं, कुणी म्हणे पैलवानाने पिळलं, एकजण तर ज्वारी ओली होती म्हणाला. ज्वारीचा आणि बोल्टाचा काय संबंध, ते त्यालाही सांगता येईना.

पाटील म्हणाला, “गावाची रीत ठाऊक आहे. ज्याने यंत्र बिघडवलं त्याचं नाव कोळशाने भिंतीवर लिहायचं. त्याने पुन्हा पाना धरायचा नाही.”

नवरा गेल्यापासून वीस वर्षं गिरणीवालीने हेच इंजिन चालवलं होतं. दुसरं काही तिला येत नव्हतं.

शेजारगावचा म्हातारा कारागीर बोलावला. त्याने भोक मोठं केलं, त्यात नवे आटे पाडले, आतून-बाहेरून आटे असलेली पोलादी नळी घट्ट बसवली. मग तो जुना बोल्ट लावायला गेला, तर दोन वळशांवर अडला. त्याने शेजारचा बोल्ट काढून लावला. तो बोटांनी सरळ आत गेला.

म्हाताऱ्याने दोन्ही बोल्ट एकमेकांना टेकवले. वळशात वळसा बसेना.

“हा या इंजिनाचा नाहीच. पैलवानाने पिळायच्या आधीच भोकाचे आटे मेले होते. पहिल्यांदा हा आत कुणी घुसवला?”

पैलवान मान खाली घालून म्हणाला, “माझंच लिहा. रोज आवळत तर मीच होतो.” पाटलाने कोळसा उचलला.

गिरणीवाली बोल्टाकडे बघत राहिली. आणि एकदम तिला खंडेनवमी आठवली. हत्यारांच्या पूजेसाठी तिने इंजिनाचे बोल्ट काढून चिंचेने घासले होते. उसाच्या चरकवाल्यानेही आपले बोल्ट तिच्याच परातीत ठेवले होते. परत लावताना एक बोटांनी जाईना. नुकताच घासलाय म्हणून अडतोय, असं समजून तिने पान्याला नळी लावून तीन वळसे रेटले होते. बघायला कुणी नव्हतं.

“आण तो कोळसा इकडे,” ती पाटलाला म्हणाली.

“तुला कशाला?”

“चौथी शिकलेय. नाव लिहिता येतं मला.”

चरकवाल्याकडून मूळचा बोल्ट आला, दुपारी गिरणी सुरू झाली. पाना पैलवानाकडे गेला. गिरणीवाली दाराशी पोत्यावर बसून ओरडत राहिली, “आधी बोटांनी लाव रे, मग पाना.”

म्हणून ऐका: आपली तक्रार खरी असली, म्हणून आपला हात निर्दोष ठरत नाही.

भिंतीवरचं नाव सगळ्यांनी वाचलं: गोजराबाई.