बाईंनी मीठ ओतले

नगरातल्या एका प्रयोगशाळेत एकदा एक शिष्य अगदी रडकुंडीला आला होता. नाव निरंजन.

हेमांगी नावाच्या तरुणीच्या जबड्याचे हाड आजाराने गेले होते. बिचारी पेजेवर दिवस काढत होती. तिच्याच अस्थिमज्जेतल्या मूळपेशी हाडाच्या आकाराच्या एका कृत्रिम सांगाड्यावर वाढवून नवे हाड घडवायचे, हे काम प्रयोगशाळेच्या वृद्ध प्रमुख बाईंनी निरंजनवर सोपवले होते. पठ्ठ्याने सांगाडा केला तो इतका घट्ट, गुळगुळीत, की दृष्ट लागावी! पेशी वरवर पसरल्या. आत मात्र एकही जगली नाही. आता पेशींची शेवटची कुपी उरली होती.

"या वेळी सांगाडा आणखी भक्कम करतो, बाई," असे म्हणत तो नवे मिश्रण घोटू लागला.

बाई उठल्या, मिठाची बरणी घेऊन आल्या आणि मूठभर मीठ त्या मिश्रणात ओतून मोकळ्या झाल्या.

"अहो बाई, हे काय! दुधात मिठाचा खडा टाकलात! खारात पेशी जगतील का?"

"ढवळ," बाई म्हणाल्या.

त्याने ढवळले. मिश्रण वाळून घट्ट झाल्यावर बाईंनी ते पाण्यात सोडले. मीठ विरघळून गेले आणि तुकडाभर नुसती छिद्रे उरली. निरंजनचे डोके गरगरले. मीठ घालायचे, मग तेच काढायचे, आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर भोके पाडायला? त्यातच बाईंनी शेवटची कुपी त्या पोखरलेल्या तुकड्यावर रिती केली. त्याला ते बघवेना.

पेशी वाढल्या, शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी एक्स-रे हाती येताच तो धावत आला.

"बाई, घात झाला! आपला सांगाडा दिसतच नाही. विरघळला सगळा!"

"मग हे पांढरं काय दिसतंय?"

निरंजनने एक्स-रे उजेडाकडे धरला. ते हाड होते.

"अरे वेड्या," बाई हसून म्हणाल्या, "पेशींना आधार लागतो, तसं खाणंपिणंही लागतं. तुझ्या भक्कम सांगाड्यात ते आत जायला वाटच नव्हती. आणि सांगाडा असा हळूहळू विरघळला नसता, जन्मभर तिथेच बसला असता, तर हाडाने वाढायचं कुठे? आधाराने आधी जागा द्यावी, मग सोडावी."

त्या दिवशी हेमांगीने भाकरीचा तुकडा भीतभीत चावला, आणि मग आईकडे आणखी मागितला. दाराशी उभ्या निरंजनला आपले काम कुठेच दिसत नव्हते. त्याला फार बरे वाटले.

लेकरांना घडवायला निघालेल्या आपण सर्वांनीही आपल्या मिश्रणात मीठ पडले आहे ना, एवढे पाहावे.