रिकाम्या हौद्यातली कुस्ती

“म्हशीचं दूध बदललंय का, वस्ताद?”

बाळगोंडा वस्ताद तालमीच्या हौद्याकाठी बसून तांबड्या मातीवर ताक शिंपडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दूध तेच. का रं?”

“पोटात ठरंना. दिवाळीपासनं रातभर आग पडती. झोप न्हाई. वजन उतरायलंय.”

सांगताना उदाजीला लाज वाटली. तालमीतला अव्वल पैलवान तो, आणि रडगाणं काय, तर पोटाचं! दिवाळीतच यात्रेतल्या कुस्तीसाठी त्याची निपाणीच्या जोतिरामशी जोड ठरली होती. यात्रा तोंडावर आली होती. अंग असंच झडत राहिलं तर कुस्ती सोडावी लागणार होती, आणि मग गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

“डॉक्टर काय म्हणाला?”

“रक्तदाब वाढलाय म्हणाला. दुसरं काय सापडंना. कसली काळजी करता का, म्हणून विचारत हुता.”

“करतोस?”

“मी?” उदाजी हसला. “मी कुणाच्या बापाला भीत न्हाई. जोर-बैठका दुप्पट केल्यात.”

“बरं...”

वस्तादांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

“उतर हौद्यात. जोतिराम समोर हाय. घे पवित्रा.”

म्हातारपणी वस्तादांना चळ लागला की काय, असं उदाजीच्या मनात आलं. पण वस्तादांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही तालमीची रीत. त्यानं माती कपाळाला लावली, मांडीवर थाप मारली आणि रिकाम्या हौद्यात वाकून उभा राहिला.

वस्ताद काठावरून बघत राहिले.

थंडीतली पहाट होती. बाकीचे पैलवान अजून यायचे होते. उदाजीचे खांदे हळूहळू कानांना भिडले. दात आवळले गेले. छाती भात्यासारखी चालू लागली आणि पोटात तीच ओळखीची आग पडली.

वस्ताद खाली उतरले. त्याच्या मानेवरून तळवा फिरवला आणि ओला तळवा त्याच्यापुढं धरला.

“घाम हाय.”

“...व्हय.”

“कुणाशी झोंबलास?”

उदाजीनं हौद्यावर नजर फिरवली. मातीवर त्याच्या आणि वस्तादांच्या पावलांखेरीज ठसा नव्हता.

“हितं कुणीच न्हाई की, वस्ताद.”

वस्तादांनी पुन्हा ताकाचं भांडं उचललं.

“मग दिवाळीपासनं तुला रोज पाडतंय कोण?”